स्टिरॉइड, कॅल्शियम आणि थांबलेलं बांधकाम

आत्याच्या स्वयंपाकघरात फडताळाचा वरचा कप्पा तिच्या हक्काचा होता. साखर, चहा, वेलदोडे सगळं तिथेच असायचं. दोन वर्षांपूर्वी ते डबे खालच्या कप्प्यात आले आणि आमच्यापैकी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सत्तरीच्या बाईचा हात पोचत नाही, एवढंच. मग एका पावसाळ्यात खोकला बळावला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, समोरून आणि बाजूनं. फुप्फुसं ठीक निघाली. बाजूच्या चित्रात मात्र पाठीचे तीन मणके पुढच्या अंगाला चेपून पाचरीसारखे झालेले दिसले. ती कधी पडली नव्हती, पाठही तशी दुखली नव्हती. दम्यासाठी प्रेडनिसोलोनची बारीक पांढरी गोळी अकरा वर्षं चालू होती. कधी ५ मिलिग्रॅम, कधी १०, थंडीत २०. "पण कॅल्शियम तर मी रोज घेते की," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. एक दिवसही तिनं चुकवला नव्हता.

तिच्या त्या वाक्यात आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आली. स्टिरॉइड शरीरातलं कॅल्शियम खातं, म्हणून वरून कॅल्शियम घालत राहायचं, म्हणजे हिशेब जुळतो. ही समजूत खोटी नाही, पण अर्धीच आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत संशोधन ज्या वाटेनं गेलं ती वाट पाहिली की उरलेला अर्धा भाग दिसतो. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या चिठ्ठीवर मात्र तो फार क्वचित उतरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी जी स्टिरॉइडं घेतात त्यांच्याशी या लेखाचा संबंध नाही. इथे विषय आहे तो मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून निघणाऱ्या कॉर्टिसोलच्या भावंडांचा: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट. दमा, संधिवात, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही आजार, आतड्याची जुनाट सूज, प्रत्यारोपण, रक्ताचा कर्करोग या सगळ्यांत ही औषधं जीव वाचवतात. पुढचं सगळं वाचताना हे एक वाक्य डोळ्यांपुढे राहू द्यावं.

हाडांवरचा परिणाम औषध येण्याआधीच नोंदवला गेला होता. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली काही रुग्णांचं एकत्रित वर्णन प्रसिद्ध केलं. चेहरा चंद्रासारखा गोल, हातपाय काटकुळे, पोटावर जांभळट चिरा, आणि पाठ वाकलेली, मणके मोडलेले. या लोकांच्या शरीरात कॉर्टिसोल स्वतःहूनच अतोनात तयार होत होतं. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच त्या चालू लागल्या. हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. एवढ्या कमी वेळात नोबेलपर्यंत पोचलेली औषधं थोडीच. पण जे रुग्ण महिनोन्महिने कॉर्टिसोनवर राहिले त्यांचे चेहरे कुशिंगनी वर्णन केलेल्या रुग्णांसारखे दिसू लागले आणि त्यांचे मणकेही तसेच दबू लागले. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आली. यांच्यानं अंगात मीठ-पाणी कमी साठतं, म्हणून ती सरस ठरली. हाडांना मात्र त्यानं काही दिलासा मिळाला नाही.

आता कॅल्शियमकडे वळू. अन्नातलं कॅल्शियम रक्तात शिरायच्या दोन वाटा आहेत. एक वाट लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे. तिथल्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या हुकमानं काम करतात: आतल्या बाजूची दारं उघडतात, कॅल्शियम एका वाहक प्रथिनावर बसवून पेशीच्या पलीकडच्या कडेला नेतात आणि तिथून रक्तात ढकलतात. पोटात कॅल्शियम थोडं असलं तरी ही वाट ते वेचून घेते. दुसरी वाट साधी आहे. दोन पेशींच्या फटीतून कॅल्शियम झिरपतं, आणि पोटात जितकं जास्त असेल तितकं जास्त झिरपतं. स्टिरॉइड पहिल्या वाटेवर घाव घालतं. दारं आणि वाहक प्रथिन दोन्ही कमी तयार होतात. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसं असतं, तरी आतडं त्याचा हुकूम पूर्वीसारखा ऐकत नाही. म्हणून नुसता रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणजे शोषण चांगलं चाललंय असं म्हणता येत नाही. झिरपण्याची वाट मात्र उघडी राहते. कॅल्शियम वाढवून देण्यामागचा खरा तर्क तो आहे.

मूत्रपिंडातही तोटाच होतो. गाळलेलं कॅल्शियम परत ओढून घेण्याचं काम ढिलं पडतं आणि ते लघवीवाटे जातं. यात मिठाचा हात मोठा आहे. लघवीतून सोडियम जितकं जास्त बाहेर पडतं तितकं जास्त कॅल्शियम ते आपल्यासोबत नेतं. स्टिरॉइडवरच्या माणसाला डॉक्टर "मीठ कमी करा" म्हणतात तेव्हा तो सल्ला रक्तदाबासाठी आहे असं वाटतं, पण तो हाडांसाठीही तितकाच आहे. लोणचं, पापड, फरसाण, हॉटेलातला रस्सा, सुक्या मासळीचं कालवण हे सगळं त्या हिशेबात येतं. सुक्या मासळीपाशी मला थोडं अडखळायला होतं, कारण कोकणात आणि गोव्यात काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हाच कॅल्शियमचा मोठा साठा आहे. ती पाण्यात भिजवून, पाणी फेकून मग शिजवावी. पुष्कळ घरांत तसं करतातच.

शोषण कमी आणि गळती जास्त, या दोहोंवरून पुढचा निष्कर्ष सरळ वाटतो. रक्तातलं कॅल्शियम घसरणार, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होऊन आपलं संप्रेरक सोडणार आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली तूट भरणार. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच उत्तर होतं. आत्याची समजूत आकाशातून पडलेली नाही, ती त्याच उत्तरातून झिरपत चिठ्ठीपर्यंत आणि चिठ्ठीतून घरापर्यंत आली आहे. पण हे उत्तर तपासण्यांत टिकलं नाही. स्टिरॉइडवरच्या बहुतेक रुग्णांमध्ये पॅराथायरॉइड संप्रेरकाची पातळी मर्यादेतच सापडत होती. शिवाय ते संप्रेरक खरंच वाढतं तेव्हा हाडाची मोडतोड आणि बांधणी दोन्ही वेगानं होतात आणि झीज मुख्यतः हाडाच्या बाहेरच्या घट्ट थरात दिसते. स्टिरॉइडमध्ये चित्र उलटं होतं. बांधणी जवळजवळ थांबलेली, आणि झीज आतल्या जाळीदार हाडात. मणके आणि बरगड्या अशाच जाळीदार हाडाच्या असतात, म्हणून पहिला घाव तिथे बसतो.

हाड म्हणजे दगड नव्हे, रोज थोडं पाडून रोज थोडं बांधलं जाणारं घर आहे. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या, आणि बांधकामात चिणल्या जाऊन आत जिवंत राहिलेल्या, भेग कुठे पडली त्याची वर्दी देणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या. १९९८ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा इथल्या रॉबर्ट वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत, तसंच स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या हाडाच्या तुकड्यांत दाखवून दिलं की औषधानं बांधणाऱ्या आणि वर्दी देणाऱ्या पेशी मरतात. मरतात म्हणजे आपलं आयुष्य आपणच संपवतात, शरीर पेशींना तसा आदेश देतं. नव्या पेशीही कमी तयार होतात, कारण ज्या मूळपेशीतून बांधणारी पेशी घडायची ती चरबीच्या पेशीकडे वळते. उरलेल्यांना कामाचा निरोपच नीट मिळत नाही. बांधणीचं एक चिन्ह असलेलं ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन रक्तात मोजता येतं. स्टिरॉइडचा डोस सुरू झाल्यावर दिवसभरातच ते घसरू लागतं. या सगळ्यात कॅल्शियमची गोष्टच नाही. गवंडी साइटवरून उठून गेले असतील तर वाळू-सिमेंटचा ट्रक दारात उभा करून भिंत उभी राहत नाही.

पाडणाऱ्या पेशींवरचा परिणाम मात्र थोडा लबाड आहे. पहिल्या काही महिन्यांत त्यांचं आयुष्य वाढतं आणि त्यांना बोलावणारा रासायनिक निरोपही वाढतो. म्हणजे सुरुवातीला पाडकाम जोरात आणि बांधकाम बंद. नंतर पाडकामही मंदावतं, बांधकाम मात्र बंदच राहतं. म्हणून झिजेचा आलेख सरळ रेघेत उतरत नाही. पहिल्याच वर्षात हाडांची घनता ६ ते १२ टक्के उतरू शकते, पुढे दरवर्षी साधारण ३ टक्के. "सध्या तर सुरू केलंय, हाडांचं पुढे पाहू" असं रुग्ण म्हणतो, कधी डॉक्टरही म्हणतात, तेव्हा नेमका तोच काळ हातातून जात असतो.

आकड्यांची सगळ्यांत भक्कम साक्ष ब्रिटनमधून आली. तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून व्हान स्टा आणि सहकाऱ्यांनी २००० साली तोंडानं स्टिरॉइड घेणाऱ्या २,४४,२३५ लोकांची तुलना तितक्याच इतरांशी केली. दिवसाला ७.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत मणका मोडण्याची जोखीम पाचपटीहून थोडी जास्त निघाली आणि खुब्याची सव्वादोनपट. २.५ ते ७.५ मिलिग्रॅमच्या टप्प्यात मणक्याची जोखीम अडीचपट होती. अडीच मिलिग्रॅमच्या खालीही, जिथे खुब्याची जोखीम वाढलेली दिसली नाही, तिथे मणक्याची दीडपट होती. म्हणजे मणक्यासाठी "इतक्या डोसपर्यंत काही होत नाही" अशी सुरक्षित रेघ त्या अभ्यासात सापडली नाही. जोखीम पहिल्या तीन महिन्यांतच चढली, आणि औषध थांबल्यावर बऱ्यापैकी लवकर खालीही आली. शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या विषयावरच्या लेखनात भीती फार आणि ही बातमी कमी असते.

पण "थांबल्यावर" हा शब्द जपून वाचावा. काही आठवड्यांहून जास्त स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेली असते. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. हाडांच्या काळजीनं मनानं गोळी सोडणं हा हाड मोडण्याहून मोठा धोका आहे. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या हातानं, पायरीपायरीनं.

आत्याचे मणके न दुखता मोडले याचं आम्हाला नवल वाटलं. वैद्यकाला ते नवल नाही. इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाळी गेलेल्या आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या ५५१ बायकांचे मणके तपासले, तेव्हा ३७ टक्क्यांहून जास्त जणींचा किमान एक मणका दबलेला निघाला. त्यातल्या पुष्कळ जणींना त्याची जाणीव नव्हती. वेदना आणि सूज दाबणं हेच औषधाचं काम, त्यामुळे मोडलेल्या मणक्याचं दुखणंही काही अंशी दबत असावं. खरी खूण असते ती उंचीची. दर वर्षी भिंतीला पाठ लावून पेन्सिलची एक खूण करायला काही खर्च येत नाही. दोन-तीन सेंटिमीटर उंची घटली तर पाठीचा बाजूनं एक्स-रे काढावा.

घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राचंही एक सांगायला हवं. ते खनिज किती आहे ते मोजतं. आतल्या वर्दी देणाऱ्या पेशी मेल्या आहेत का, जाळी तुटली आहे का, ते त्याला दिसत नाही. म्हणून स्टिरॉइडवरचा माणूस अशा घनतेवरही हाड मोडून घेतो, जिथे दुसऱ्या कुणाचं मोडलं नसतं. अहवालावर "सौम्य झीज" लिहिलेलं पाहून निश्चिंत होऊ नये. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठानं २००८ साली तयार केलेलं फ्रॅक्स हे जोखमीचं गणित वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, धूम्रपान अशा गोष्टी जमेस धरतं. स्टिरॉइडसाठी त्यात फक्त हो किंवा नाही एवढंच विचारतात, म्हणून ७.५ मिलिग्रॅमच्या वरच्या डोसला आलेली जोखीम आणखी वाढवून वाचायची असते. त्यात आजार स्वतःही हाडांना कुरतडत असतो. संधिवाताची सूज हाड खाते, स्टिरॉइडनं मांड्यांचे स्नायू बारीक होतात, माणूस खुर्चीतून उठताना तोल सांभाळू शकत नाही आणि पडतो. पुरुषांत स्टिरॉइडमुळे टेस्टोस्टेरॉन घटतं, तेही हाडांना भोवतं. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, असं धरून चालल्यामुळे स्टिरॉइडवरच्या पुरुषांच्या हाडांकडे कुणी बघतच नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग कॅल्शियमचं काय करायचं? टाकायचं मुळीच नाही. अमेरिकेत १९९६ साली लेनोर बकली यांनी संधिवाताच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता टिकली, किंचित वाढलीही. नुसती स्टिरॉइडं घेणाऱ्यांची वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी घसरली. पण त्या लोकांचा डोस कमी होता, दिवसाला सरासरी साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. आणि घनता टिकणं वेगळं, हाड मोडायचं वाचणं वेगळं. एकट्या कॅल्शियमनं स्टिरॉइडवरच्या माणसाचं फ्रॅक्चर टळतं, असा पुरावा नाही. ते जोत्यासारखं आहे. त्याच्यावाचून पुढचं औषधही नीट काम करत नाही, पण जोतं घातलं म्हणजे घर झालं असं होत नाही.

जोतं तरी आपल्याकडे धड घातलं जातं का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा आकडा १००० ते १२०० आहे, अन्न आणि गोळी मिळून. पेलाभर दुधातून २४० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, वाटीभर दह्यातून सव्वाशे-दीडशे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या घरात कॅल्शियम असतं, म्हणजे एका भाकरीत दीडशेच्या आसपास. तीळ कागदावर फार श्रीमंत, पण चमचाभर तिळातून शंभरेक मिळतं, आणि त्यातलंही काही ऑक्झलेट अडवून धरतं. पालकाचं तसंच. शेवग्याचा पाला मात्र खरोखर चांगला. नाचणीतलं फायटेट शोषणाला अडथळा करतं, ती आंबवली की हा अडथळा कमी होतो. आपल्या आंबिलीत ते शहाणपण आधीपासून आहे. ज्या घरात दूध चहापुरतंच येतं तिथे दिवसाचा हिशेब चार-पाचशेच्या पुढे सरकत नाही, आणि तिथे गोळी लागतेच.

गोळीवर १२५० लिहिलेलं असतं ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन असतं. त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि एका वेळी ५०० च्या वर नको, कारण आतडं एकदम जास्त उचलत नाही. आत्या ती रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेत होती. सकाळी पित्ताची गोळी घेत होती, पँटोप्राझोल, जी आपल्याकडे स्टिरॉइडच्या चिठ्ठीवर जोडीदारासारखी येते आणि आम्लच कमी करते. म्हणजे अकरा वर्षांतलं किती कॅल्शियम तिच्या रक्तापर्यंत पोचलं असेल? पित्ताची गोळी चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं, त्याला आम्ल लागत नाही. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर कॅल्शियममध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवावं. हे सांगायला औषधाच्या दुकानात दोन मिनिटं पुरतात.

ड जीवनसत्त्वाची कमतरता उन्हाच्या देशात का, हा प्रश्न दिल्लीच्या एम्समधून २००० साली आलेल्या अभ्यासानं ऐरणीवर आणला. धडधाकट लोकांतही ही पातळी कमी सापडली. अंगभर कपडे, सावळी कातडी, बंद खोलीतलं काम, दुपारचं ऊन टाळण्याची सवय, हवेतली धूळ, अशी कारणं बरीच आहेत. स्टिरॉइडवरच्या माणसांत आणखी एक पेच असतो. ल्युपसच्या रुग्णाला ऊन वर्ज्य सांगितलेलं असतं. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये लघवीतून प्रथिनं जातात, त्यांत ड जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिनही जातं. म्हणजे ज्यांना ते सगळ्यांत जास्त हवं, त्यांच्याकडेच ते सगळ्यांत कमी. याच्या दुसऱ्या टोकाला ६०,००० युनिटची पुडी आहे. आठवड्याला एक म्हणजे रोजची साडेआठ हजार युनिट. आठ-दहा आठवडे, तूट भरून काढायला, ती योग्य. पण "ताकद येते" म्हणून वर्षानुवर्षं घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडू शकतं. आधी पातळी मोजावी, मग डॉक्टर सांगतील तितकंच घ्यावं.

जोत्याच्या वरचं बांधकाम हे औषधांचं. अॅलेंड्रोनेट आणि त्याच्या जातीची औषधं पाडणाऱ्या पेशींना आवर घालतात. १९९८ च्या चाचण्यांपासून स्टिरॉइडवरच्या रुग्णांत त्यांचा उपयोग दिसला आहे. आठवड्याला एक ७० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. ज्यांना हे जमत नाही त्यांना झोलेड्रोनिक आम्लाचं वर्षातून एकदाचं सलाइन. जबड्याचं हाड कुजणं, मांडीचं हाड वेगळ्या तऱ्हेनं मोडणं हे धोके आहेत, पण विरळा. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत. डेनोसुमॅब सहा महिन्यांनी एकदा टोचतात. ते अंगावर येतं ते थांबवताना, कारण दुसरं औषध न देता बंद केलं तर झीज उसळून एकामागून एक मणके मोडू शकतात. इंजेक्शनची तारीख विसरणाऱ्या घरात ते सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्यांत मला विलक्षण वाटतं ते टेरिपॅराटाइड. हे दुसरं तिसरं काही नसून पॅराथायरॉइड संप्रेरकाचाच पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडा आहे. एके काळी ज्याला आरोपी ठरवलं होतं तेच औषध झालं. संप्रेरक रक्तात सतत चढलेलं असेल तर हाड विरघळतं. दिवसातून एकदा थोडंसं टोचलं तर बांधणाऱ्या पेशी जास्त दिवस जगतात आणि कामाला लागतात. म्हणजे जिथे स्टिरॉइडचा घाव आहे नेमकं तिथेच हे औषध पोचतं. २००७ साली केनेथ साग आणि सहकाऱ्यांनी स्टिरॉइडवरच्या ४२८ रुग्णांत त्याची तुलना अॅलेंड्रोनेटशी केली. अठरा महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता टेरिपॅराटाइडनं ७.२ टक्के वाढली, अॅलेंड्रोनेटनं ३.४ टक्के. नवा मणका मोडला तो अनुक्रमे ०.६ आणि ६.१ टक्के रुग्णांचा. कॅल्शियम दोन्ही गटांना दिलं होतं. औषध महाग आहे, रोज टोचावं लागतं, आणि पुढे अॅलेंड्रोनेटसारख्या औषधावर जावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड ओसरतं. पण ज्याचे मणके आधीच दबले आहेत त्याला ते परवडतं का हे निदान विचारलं तरी जावं.

कुणाला यातलं काय द्यावं हे वय, डोस आणि आधीचं फ्रॅक्चर यांवर ठरतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिवसाला २.५ मिलिग्रॅमपासून पुढे, तीन महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेणार असलेल्या प्रत्येकाच्या हाडांची जोखीम लवकरात लवकर, सहा महिन्यांच्या आत तपासायला सांगतात.

औषधाची निवडही हाडांच्या बाजूनं करता येते. दम्यात तर फारच. पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय, या भीतीनं आत्यानं पंप टाळला आणि गोळी धरली. पंपातून स्टिरॉइड जातं ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. १० मिलिग्रॅमच्या एका गोळीत २०० मायक्रोग्रॅमच्या पन्नास फवाऱ्यांइतकं वजन असतं, आणि फवारा जातो थेट फुप्फुसात. मोठ्या डोसचा पंप वर्षानुवर्षं घेतला तर त्याचाही हाडांवर थोडा परिणाम होतो, पण गोळीशी त्याची बरोबरी नाही. आपल्याकडे भरपूर लिहून दिल्या जाणाऱ्या डिफ्लाझाकॉर्टला हाडांना सौम्य म्हणून नाव मिळालं आहे. ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, असं धरून समान डोसनं पाहिलं तर त्या नावाला पुरेसा आधार मिळत नाही. त्या नावावर विसंबून हाडांची काळजी सोडू नये.

कोविडच्या काळात खुब्याचा एक वेगळाच प्रश्न पुढे आला आणि तो या झिजेशी मिसळला जातो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाचा, ज्याला लोक खुब्याचा बॉल म्हणतात त्याचा, रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. मुंबईतल्या अस्थिशल्यविशारदांनी २०२१ साली ब्रिटिश नियतकालिकात असे तीन तरुण रुग्ण नोंदवले. कोविडमध्ये दिलेल्या स्टिरॉइडनंतर महिन्या-दोन महिन्यांतच त्यांना जांघेत दुखू लागलं होतं. इथे घनता चांगली असली तरी बॉल खचतो आणि कॅल्शियमचा काडीचाही संबंध नाही. स्टिरॉइडनंतर जांघेत किंवा गुडघ्याच्या वर टिकून दुखत असेल तर एमआरआय लवकर करावा, कारण साध्या एक्स-रेमध्ये ते उशिरा दिसतं.

लहान मुलांचं शास्त्र वेगळं आहे आणि त्याला वेगळा लेख हवा. इतकंच सांगतो की वाढत्या हाडाला स्वतःची डागडुजी करण्याची ताकद मोठी असते, दबलेला मणका काही मुलांत पुन्हा उंचावतो. मोठ्यांत तसं होत नाही.

आतापर्यंत जे लिहिलं ते ज्यांना आपण स्टिरॉइडवर आहोत हे माहीत आहे त्यांच्यासाठी. सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती ज्यांना ते माहीत नाही त्यांची. आठवडी बाजारात मिळणारी सांधेदुखीची बिननावाची पुडी, दम्यावर "जडीबुटीची" भुकटी, बोगस डॉक्टरकडची तीन रंगांच्या गोळ्यांची कागदी पुडी. यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं भारतात प्रयोगशाळांनी नोंदवली आहेत. ओळखायच्या खुणा आहेत. वर्षानुवर्षं न जाणारं दुखणं दोन दिवसांत गायब होतं, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि पुडी चुकली की अंग गळून जातं. पुडी देणारा ती कधी पाच मिलिग्रॅमची आहे हे सांगत नाही. अशा माणसाला हाडांचं औषध कोण देणार, आणि कशावरून? तुमच्या घरात अशी पुडी असेल तर ती फेकू नका, एकदम बंदही करू नका. कागदासकट डॉक्टरांकडे घेऊन जा आणि किती महिन्यांपासून चालू आहे ते आठवून सांगा.